वीस मिनिटं आणि एक कात्री

सगळे टेकलात का? मग हातात आहे ते मांडीवर ठेवा, त्याच्याशी आत्ता चाळा नको. एका टेलरमास्तरची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, ठरल्या वेळेत संपवतो.

गल्लीच्या तोंडाशी ह्याचं एका खोलीचं दुकान. एक मशीन, एक पंखा, आणि पंखाही गिऱ्हाईक आलं तरच लावायचा. लोक मास्तर म्हणून हाक मारायचे, पण चार माणसांपुढे उभं राहून शिकवा म्हटलं की ह्याची दातखिळी बसायची. स्काउटचं पथक एकोणीस वर्षं चालवलं, तेही असंच. गाठ बांधून दाखवायची, सोडायची, परत बांधायची. पोरं बघून शिकायची. तोंड उघडायची वेळच यायची नाही.

तर त्या वर्षी ह्याला बोलावणं आलं. पथकं चालवणाऱ्या मोठ्या माणसांचं एक शिबिर असतं. त्यात शिकवणाऱ्यांमध्ये ह्याला घेतलं होतं. आधी तीन वर्षं हा नाही म्हणाला होता. ह्या खेपेला फोन बायकोने उचलला, आणि होकार देऊन मोकळी झाली.

शिबिराचे प्रमुख मोठे सर. जन्म जमीनमोजणीत गेलेला, त्यामुळे बोलणंही फुटपट्टी लावून. त्यांचा शिरस्ता असा, की शिबिराआधी दोन रविवार दुपारी रिकाम्या वर्गात जमायचं आणि ज्याने त्याने आपला पाठ बाकीच्या शिकवणाऱ्यांपुढे करून दाखवायचा. हातात कागद घ्यायचा नाही. वीस मिनिटं, बास. ह्याच्या वाट्याला बांधणी आली. काठ्या दोराने बांधून बाकडं करायचं, आणि वर माणूस बसला तर ते टिकलं पाहिजे.

पहिल्या रविवारी हा फळ्यापुढे गेला, नमस्कार म्हणाला, आणि पुढचा शब्द काही सापडेना. चौथ्या मिनिटाला घाम पुसत जागेवर येऊन बसला.

बँकेतला कारकून शेजारीच होता. तो म्हणाला, मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्यात वाटतं. सगळे हसले. मोठे सर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

घरी आल्यावर हा रोज आरशापुढे उभा राहायचा. आरशालाही ह्याची दया आली असेल. मग एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाला हा पलीकडच्या न्हाव्याची गोष्ट सांगत होता. न्हाव्याचं मेव्हण्याशी भांडण झालं आणि मेव्हण्याची अर्धीच दाढी झाली, असं काहीतरी. चांगली अर्धा तास रंगली. गिऱ्हाईक हसून हसून पँट न्यायची विसरून गेलं.

बायको काजं करत बसली होती. ती म्हणाली, "अहो, दुसऱ्याचं सांगायला बसलात की तुमची जीभ मशीनसारखी पळते. स्वतःवर आलं की दोरा तुटतो."

हा हातातला खडू तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या रविवारी ह्याने ठरवलं, बोलायचंच नाही, हाताने काम करून दाखवायचं. दुकानातून थेट आला होता, कात्री खिशातच. बांधणी फक्कड झाली. पण टेलरचा हात तो. टाका संपला की उरलेला दोरा कापायचा, हे बत्तीस वर्षं अंगात मुरलेलं. ह्याने प्रत्येक गाठीपाशी दोराची उरलेली शेपटं कचाकच कापून टाकली. नवे कोरे दोर, शिबिरासाठी आणलेले.

मोठे सर बाकड्यावर बसले. शेपूट नसलेली गाठ भार पडला की सरकते. बाकडं बसलं आणि सरही बसले, जमिनीवर.

ते उठले, पँट झटकली आणि हात पुढे केला. ह्याने कात्री दिली. मूठ झिजून झिजून ह्याच्या अंगठ्याच्या मापाची झालेली कात्री.

"मास्तर, ही माझ्याकडे राहील," सर म्हणाले. "माणसांपुढे वीस मिनिटं बोलाल तेव्हा मागून घ्या. नाही जमलं तर शिबिरात तुम्ही स्वयंपाकघर सांभाळायचं, आणि ह्यापुढे शिकवायला बोलावणार नाही. पाठ कारकून घेतील."

पुढचे आठ दिवस हा उसन्या कात्रीवर होता. एका गिऱ्हाइकाची एक बाही बोटभर आखूड गेली. पाठ लिहिलेली वही काही ह्याने उघडली नाही, आरशापुढेही गेला नाही. बायकोने विचारलं, तयारी कुठवर आली. हा म्हणाला, झाली.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याचा पाठ होता. झाडाखाली सतरंजीवर चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात दोर. मागे खुर्चीत मोठे सर, मांडीवर घड्याळ. त्यांच्या शेजारी कारकून, आपली पाळी येणारच अशा बेताने बाह्या सरसावून. मास्तर उभा राहिला. पाय जरा फाकून. नमस्काराच्या भानगडीत पडला नाही. म्हणाला, सगळे टेकलात का? मग हातात आहे ते मांडीवर ठेवा.

चला, आता उचला ते दोर. ज्यांच्याकडे आखूड आलेत त्यांनी बदलून घ्या, ते मीच कापलेत. आणि मोठे सर, जरा घड्याळ बघा, आणि वीस मिनिटं झाली असतील तर माझी कात्री तेवढी परत द्या.