मधल्या घरातली नोंद

खाडीकाठच्या वस्तीत पूर किती चढला होता, ते विद्यापीठातला संशोधक घरोघरी जाऊन मोजत होता. भिंतीवर उरलेली गाळाची रेघ शोधायची आणि जमिनीपासून टेप लावायचा. शेजारच्या दोन्ही घरांत ती रेघ त्याच्या डोक्याच्याही वीतभर वर होती. मधल्या घरातल्या मावशींनी मात्र भिंती रंगवून टाकल्या होत्या.

"मग काय, रोज ती रेघ बघत बसू का रे?" मावशी म्हणाल्या.

"तसं नाही हो. पाणी सगळ्यात जास्त होतं तेव्हा कुठपर्यंत आलं होतं, तेवढंच सांगा."

"गुडघ्यापर्यंत."

आजूबाजूच्या घरांशी न जुळणारं उत्तर बाद करायचं, असा त्याच्या विभागाचा नियम होता.

"मावशी, जरा नीट आठवा."

"न आठवायला काय झालं? गुडघे बधिर झाले होते माझे."

नोंद खोडायला त्याने पेन टेकवलं आणि फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न उरकून टाकावा म्हणून विचारला, "तेव्हा तुम्ही उभ्या कुठे होतात?"

"ह्यांच्या खांद्यांवर," मावशी म्हणाल्या. "माझा हात छताच्या वाशाला पोचेपर्यंत जागचे हलले नाहीत."