मंत्र्यांचं उत्तर

सभागृहात मंत्र्यांनी वाचायची उत्तरं तो अकरा वर्षं लिहून देत होता. ‘चौकशी सुरू आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ही वाक्यं त्याने झोपेतही लिहिली असती. पण या वेळी प्रश्न होता कारखान्यातल्या बॉयलरच्या स्फोटाचा, आणि गेलेल्या नऊ जणांत त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. "दादा, आमच्याही बाबतीत तेच लिहिणार का रे?" एवढंच तिने विचारलं होतं.

त्याने नोकरीवर पाणी सोडलं आणि खरं लिहिलं. मंत्री पुढ्यात येईल तो कागद मान खाली घालून खडाखडा वाचतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नऊ जीव गेले, जबाबदार कोण?" विरोधी पक्षनेत्यांनी बाक बडवत विचारलं. मंत्री उठले, चष्मा चढवला आणि वाचू लागले, "बॉयलर धोकादायक असल्याचा अहवाल दोन वर्षांपूर्वीच आला होता. तो माझ्या तोंडी आदेशावरून दाबून ठेवण्यात आला..."

पण त्यांनी तोंड उघडताच समोरून नेहमीचा गलका सुरू झाला होता. "खोटं! साफ खोटं!" म्हणत विरोधक सभात्याग करून थेट कॅमेऱ्यांपुढे गेले. ते बाहेर पडेपर्यंत उत्तर वाचून संपलंही होतं; त्या गलक्यात मंत्र्यांचे नुसते ओठ हलताना दिसले.

तो गॅलरीतून बाहेर आला, तर फोनवर बहिणीचा मेसेज होता.



"टीव्हीवर पाहिलं. शेवटी खोटंच लिहिलंस ना, दादा?"