पश्चिमेचा बर्फ

"बावीस इंच. एका रात्रीत," लायल कम्प्युटरवर वाचून म्हणाला.

"मोजले कुणी?" होलिसनं विचारलं.

"यूटातल्या त्या डोंगरवाल्यांनीच."

"मग नऊ समज."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून होलिसनं स्की आडवी ठेवली होती आणि तिच्या पोलादी कडेवर तो कानस चालवत होता. नोव्हेंबरातला रविवार होता, दुपारची कॉफी झाली होती आणि आज यूटाची तिकिटं काढायचीच असं दोघा मित्रांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे लायलनं. होलिसचा पश्चिमेवर विश्वास नव्हता. तसा त्याचा फारसा कशावरच नव्हता, पण पूर्वेकडच्या व्हरमाँटच्या डोंगरांवर स्की शिकलेल्या माणसाला याचा दोष देता येत नाही. इथं उताराच्या फलकावर 'भुसभुशीत' लिहिलेलं असलं की खाली बर्फाची काच असते, आणि 'थोडा कडक' लिहिलेलं असलं की शहाणा माणूस घरी बसतो.

पश्चिमेला पहिल्यांदा जायचं ते दोघांनी मिळूनच, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला, त्याला अकरा वर्षं झाली होती. दर वर्षी होलिसला काहीतरी खटकायचं. एकदा त्याला कुणीतरी सांगितलं, विमानात स्की मोडतात. एकदा तिथल्या लॉजचे फोटो फारच चांगले निघाले.

"सामानाच्या विम्याचं काय लिहिलंय बघ," होलिस म्हणाला.

"बघितलं."

"बारीक अक्षरातलं?"

"बारीकच बघितलं, बाबा."

होलिसनं अंगठ्याचं नख कडेवर घासलं. नखाचा पांढरा भुगा पडला, तसा तो खूश झाला आणि त्यानं दुसरी कड घेतली.

"पुरे कर ती धार," डोनट चावत लायल म्हणाला. "तिथल्या मऊ बर्फात तिला धरायला काही नसतं. आवाजसुद्धा येत नाही. पहिल्या दिवशी तर वाटतं, कानांना दडेच बसलेत."

कानस थांबली.

"कुणाला वाटतं?"

"अं? लोकांना."

"कुठल्या लोकांना?"

"आलं होतं कुठल्याशा मासिकात."

लायल शाळेची बस चालवायचा. बसच्या मागे काय लिहिलंय, तेही त्यानं कधी वाचलं नसेल.

"तू मासिक कधीपासून वाचायला लागलास रे?"

लायल उरलेल्या डोनटकडे बघत राहिला. होलिसला गेला फेब्रुवारी आठवला. लायल दहा दिवस उत्तरेतल्या मेन राज्यात बहिणीकडे गेला होता, छपराच्या डागडुजीला. परत आला तेव्हा तोंड भाजून लाल झालेलं आणि डोळ्यांभोवती स्कीच्या मोठ्या चष्म्याएवढं पांढरंफटक. छपरावर ऊन फार लागलं, म्हणाला होता. फेब्रुवारीत, मेनमध्ये! हवामानखात्यावर, विमा कंपनीवर, सख्ख्या मेव्हण्यावर संशय घेणारा होलिस तेवढं मात्र निमूट गिळून बसला होता. कारण सांगणारा लायल होता.

"बहिणीचं छप्पर कसं आहे रे?" त्यानं विचारलं.

"होलिस..."

"नाही, गळत असेल तर सांग. या खेपेला दोघं मिळून जाऊ."

लायलनं डोनट खाली ठेवला. "त्याआधी डिसेंबरात डॉक्टर म्हणाला, माझा गुडघा बदलावा लागेल. आज, उद्या, दोन वर्षांनी, त्यालाच माहीत नव्हतं. आणि जानेवारीत तू परत रद्द केलंस. कशावरून, आठवतंय?"

होलिसला आठवत होतं. तिकिटं देणारी बाई फोनवर जरा जास्तच गोड बोलत होती.

"दहावी खेप होती ती," लायल म्हणाला. "मला वाटलं, हा काही या जन्मी येत नाही. मी एकटाच जाऊन आलो."

"आणि माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"हो. बोललो."

होलिसला राग आला होता आणि रागाहून जास्त वाईट वाटत होतं. शब्द मोडणारा समोर बसला होता, पण तो मोडायची वेळ त्याच्यावर कुणी आणली, हा प्रश्न काही केल्या हलेना. त्यानं कानस उचलली आणि परत ठेवली.

"कसं होतं?" शेवटी त्यानं विचारलं. "आणि मासिकातलं सांगू नकोस."

"बर्फ खराय," लायल म्हणाला. "तिथले लोक खोटं बोलत नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "उतारावर अर्ध्यात थांबलो की सवयीनं वर बघायचो, तू कुठवर आलास ते. इथं मागून तुझी खरखर ऐकू येते, तिथं काहीच येत नाही. मग बघायलाच लागतं. शेवटच्या दिवशीसुद्धा बघितलं मी, येड्यासारखं."

होलिसनं कम्प्युटर स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि पडद्यावर मांडलेल्या विमानातल्या खुर्च्यांकडे तो बराच वेळ संशयानं बघत राहिला.

"डोंगर कुठल्या बाजूनं दिसतात?" त्यानं विचारलं.

लायल 'मला काय माहीत' म्हणणारच होता. नऊ महिन्यांची सवय झाली होती.

"डावीकडून," तो म्हणाला. "खिडकी तू घे."