जे. भाऊ

जळगावच्या सुपरहिरोवेड्यांच्या ग्रुपवर जिनल 'जे. भाऊ' होती. मुलगी म्हटलं की आधी परीक्षा घेतात आणि मग फोटो मागतात, हे एका ग्रुपवर भोगल्यापासून ती डीपीला मुखवटा लावायची आणि 'आले'चं न चुकता 'आलो' करायची.

रविवारी शिंदखेड्याची शीतल ग्रुपवर पहिल्यांदाच बोलली. "मीपण लहानपणापासून कॉमिक्स वाचते."

झालं, सगळे तुटून पडले. "हिरोचे डोळे बघायला आली का, ताई?" "त्याचा मुखवटा पहिल्यांदा कोणत्या अंकात फाटला, सांग बरं!" तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "काय भो जे. भाऊ, तुम्ही आज गप्प?"

आपलं बिंग फुटू नये म्हणून जिनलने सगळ्यांच्या वरताण लिहिलं, "असल्या पोरींना मी चांगला ओळखतो. आधी भरीत करायला शिक म्हणा!"

हसणाऱ्या चेहऱ्यांनी स्क्रीन भरून गेली. शीतल ग्रुप सोडून गेली.

थोड्या वेळाने जिनलला तिचा वेगळा मेसेज आला.



"ताई, परवा तुम्ही 'आत्ताच पिक्चर बघून आले' असं लिहून लगेच डिलीट केलं होतं. ते मी वाचलं होतं, म्हणून तर आज बोलायची हिंमत केली."