मास्तरांच्या काळात

"बाई, परत एकदा बघून या," फोनवरचा कारकून म्हणाला. "सतरा येणं शक्यच नाही."

"दोनदा बघून आले. सतराच आहे."

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात? तुमच्या डोंगरावर? अहो, आमचा संगणक घेतच नाही. दहाच्या वर आकडा टाकला की लाल होतो."

"मग त्याला इकडे पाठवा. घाम फुटला की घेईल बरोबर."

"मास्तर स्वतः फोन करायचे तेव्हा असं कधी झालं नाही हो," कारकुनाने सुस्कारा सोडला. "काय आवाज, काय शिस्त! मास्तरांच्या काळात..."

मास्तरीणबाईंनी फोन आपटला.

अंगणात चार पायांवर पांढरी झडपांची पेटी उभी होती. तिच्यात तापमापी. रोज सकाळी साडेआठला आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि खाली शहरातल्या हवामान कचेरीला कळवायचा. हे काम कचेरीने बाईंच्या यजमानांना दिलं होतं. ते गावच्या शाळेत मास्तर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि कागदोपत्री काम बाईंच्या नावावर झालं. तेव्हापासून जरा वेगळा आकडा सांगितला की मास्तरांचा काळ निघायचा.

तीन दिवस छपरावरचा बर्फ टपटपत होता. खिडकीत माशी घोंघावत होती. जर्दाळू महिनाभर आधीच फुलून बसले होते. गाव खूश होतं. शेजारीण तर उन्हात केस वाळवत म्हणाली, "देवाने यंदा थंडी माफ केली बघा."

बाईंचं लक्ष गावामागच्या उतारावर होतं. तिथे अजून दोन पुरुष उंचीचा बर्फ होता. वरून टणक, खालून पाणी सुटलेला, भिजलेल्या रजईसारखा जड. त्याच्या बरोबर खालून रस्ता जात होता आणि दुपारी तीनला शहरातल्या शाळेची बस मुलांना घेऊन त्याच रस्त्याने वर यायची. सकाळचा आकडा सलग तीन दिवस पंधराच्या वर गेला तर रस्ता बंद करायचा, असा कचेरीचाच नियम होता. आज तिसरा दिवस. पण आधीचे दोन आकडे कचेरीने 'शंकास्पद' म्हणून खोडले होते.

बस चालवायचे बाईंचे जावई. सकाळी निघताना ते दारात थांबले.

"सासूबाई, लेखी कागद आणा, लगेच गाडी थांबवतो. तोंडी सांगण्यावर थांबवली तर नोकरी जाईल माझी."

"जावईबापू, बर्फ काय कागद वाचून खाली येणार आहे?"

जावयांनी खांदे उडवले आणि ते गेले.

अकराच्या सुमाराला कचेरीचा तपासनीस आला. शंकास्पद आकडे तपासायलाच त्याला पाठवलं होतं. लोकरीचा कोट हातावर, बूट चिखलाने बरबटलेले, चेहरा लालबुंद. त्याने स्वतःची तापमापी पेटीत टांगली आणि दहा मिनिटं घाम पुसत उभा राहिला. मग दोन्ही तापमाप्या बघितल्या. दोन्हींवर वीस.

"आजचं मान्य," तो म्हणाला. "पण कालचं आणि परवाचं कशावरून?"

"वहीवरून."

"वहीत काय, कोणीही काहीही लिहील. आजपासून मोजू. अजून दोन दिवस बघू."

"दोन दिवस? आज तीनला बस येईल त्या रस्त्याने!"

"बाई, राग मानू नका. पण मास्तरांच्या काळात..."

बाईंचा संयम सुटला. त्या आत गेल्या, कपाट उघडलं आणि वह्यांचे गठ्ठे आणून त्याच्यापुढे आदळले. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. टेबलावर धूळ उडाली.

"हा घ्या मास्तरांचा काळ. आणि हा माझा. बसा वाचत."

तपासनीसाने नाइलाजाने वरची वही उचलली. यंदाची. मग पाच वर्षांपूर्वीची. मग दहा. मग सगळ्यात खालची, पिवळी पडलेली. ती उघडून त्याने यंदाच्या वहीशेजारी ठेवली. कधी हे पान, कधी ते पान बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाईंकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला.

"उताराखालचा रस्ता बंद करा. आत्ता."

पलीकडून कारकून काहीतरी म्हणाला.

"नियमच पाळतोय. तीन दिवस झालेत. खोडलेले आकडे परत लिही."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी उतार सुटला. आधी दूर कुठेतरी ट्रक उलटावा तसा आवाज, मग भांडी खडखडली, मग सगळं गप्प. शंभर पावलं रस्ता बर्फाखाली गेला. बस खालच्या वळणावर आडव्या लावलेल्या लाकडामागे उभी होती. मुलं खिडक्यांतून माना काढून ओरडत होती. जावयांनी तिथूनच फोन केला. "सासूबाई, पोरं सगळी धडधाकट आहेत," ते म्हणाले.

"पोरांना पाणी द्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कारकुनाचा आवाज मऊ होता.

"किती, बाई?"

"अठरा."

"अठरा. घेतला." तो जरा घुटमळला. "एक विचारू? साहेब म्हणाले, एकतीसही वह्यांत अक्षर एकच आहे. तुमचं. अगदी पहिल्या दिवसापासून रोज पेटीपाशी तुम्हीच जात होता. मग मास्तर काय करायचे हो?"

"त्यांना थंडी सोसायची नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उठले की फोन करायचे."