काल

“काल का झालं ते राहू द्या ना, बाई! आज का होऊन राह्यलं ते सांगा!”

या तिसऱ्या फोनवरही रिना तेच ओरडली. फोनवरची म्हातारीही तिसऱ्यांदा तेच ओरडली, “काल! काल!” मागे कोणीतरी कण्हत होतं. मग फोन कटला.

नंबर जंगलातल्या एका गावच्या आशाताईंचा होता, आवाज मात्र त्यांचा नव्हता. तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटेच सगळं गाव पानं तोडायला जंगलात गेलेलं असणार आणि आशाताईंनी फोन गावच्या सुईणीजवळ ठेवलेला असणार. गावात एक पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेली. रिनाला एवढं माहीत होतं. तिने उलट फोन लावला. लागला नाही.

भद्रावतीहून अहेरीकडच्या या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून येऊन तिला वीस दिवस झाले होते. माडिया बोली तिच्या कानाला अजून नुसता गोंगाट वाटत होती. त्या गोंगाटातून निदान एक शब्द तरी ओळखीचा निघाला, म्हणून पहिल्या फोनला तिला उलट हायसं वाटलं होतं.

“कालपासून कळा येऊन राह्यल्या असतील,” ती म्हणाली. “पण मग आता घाई कायची करून राह्यली?”

“कल बोल रही है न?” ओपीडीतून डॉक्टर म्हणाले. ते रायपूरकडचे. “मतलब कल लाएँगे. पहला बच्चा है, टाइम लगता है.”

“आमच्या बंगालीत काल म्हणजे गेलेला दिवस पण आणि येणारा पण,” औषधांच्या खिडकीतून बिश्वास म्हणाला. तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला. “विचारून घ्या, कोणता ते.”

“कोणाले विचारू? अन् कोणत्या भाषेत?”

बाहेर चाळीसएक माणसं रांगेत होती. डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत घेतला.

चौथा फोन आला तेव्हा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर समय्या डिझेलच्या पावतीवर सही घ्यायला आत आला होता. रिनाने चिडून फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर आपटला. “ऐका सगळे! माझेच कान फुटले असतील.”

म्हातारी आता ओरडत नव्हती. लहान मुलाला समजावावं तशी एकेक शब्द सुटा करून बोलत होती. “काल. तला इल्ले. काल.”

समय्याचा पावती धरलेला हात थांबला. तो सिरोंच्याचा, घरात तेलुगू बोलणारा. रस्त्यावर राहून थोडी माडियाही शिकला होता.

“सिस्टर, काल म्हणजे पाय.”

“का?”

“आमच्या तेलुगूत कालू. त्यायच्यात काल. तला म्हणजे डोकं.” तो एकदम मोठ्याने बोलू लागला. “पाय आहे म्हणते, सिस्टर! डोकं नाई, पाय!”

रिना उठली, तशी खुर्ची मागे पडली.

पहिल्या फोनपासून अडतीस मिनिटं गेली होती.

गाव चौदा किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता म्हणजे नुसती गिट्टी. समय्या एका हाताने गाडी चालवत फोन लावत होता. पाय ओढू नका, बाळ आपोआप येऊ द्या, एवढंच सांगायचं होतं. फोन लागलाच नाही. एका चढावर नेटवर्कच्या दोन काड्या दिसल्या. गाडी थांबवेपर्यंत त्याही गेल्या. रिनाने डॅशबोर्डवर मूठ आपटली.

ते पोचले तेव्हा कळलं, सुईण म्हातारीने पाय ओढला नव्हता. ती पहिलटकरीण पोरीच्या मागे बसून तिला दोन्ही हातांनी धरून होती. बाळाचं अंग बाहेर आलं होतं आणि डोकं आत अडकलं होतं. रिनाला कॉलेजात शिकवलेलं सगळं आठवलं. चार मिनिटांत डोकं सुटलं. मुलगी होती. निळी पडलेली, सैल.

रिनाने बाळाच्या तोंडावर मास्क धरून वीस मिनिटं श्वासाची पिशवी दाबली. मग समय्याने बाहेरून हळूच विचारलं, “सिस्टर, बाळाच्या मायले घेऊन निघाचं ना?” तेव्हा तिचे हात थांबले. पोरीचा रक्तस्राव आवरला होता, नाडी लागत होती. ती वाचणार होती.

पोरीला गाडीत घातलं. म्हातारी गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रिनाकडे बघत ती एकाच लयीत काही बोलत होती.

“का म्हणून राह्यली?” रिनाने विचारलं.

“काई नाई. बाळासाठी बोलते.”

“समय्याभाऊ, खरं सांगा.”

समय्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसली. “म्हणते, मी चार डाव सांगतलं.”

रिना म्हातारीसमोर खाली बसली. तोंड उघडलं, पण तिच्याजवळ त्या भाषेतले दोनच शब्द होते, पाय आणि डोकं.

“तिले सांगा,” ती समय्याला म्हणाली, “मले समजलं नाई म्हणावं.”

समय्याने गाडीचं दार उघडलं.

“ते तिले माहीत आहे, सिस्टर,” तो म्हणाला.