सातवा खंड

"मामा, तू जिंकलास," असं म्हणून भाचीनं कप खाली ठेवला. "सहाव्या खंडात मी हात टेकले. सगळा संच वाचनालयाला देऊन टाकला."

मामांनी चहात बुडवलेलं बिस्किट वर आलंच नाही.

मामा म्हणजे जन्मभर कॉलेजात साहित्य शिकवून घरी बसलेला एकटा माणूस. दर रविवारी सकाळी दवाखान्यातली ड्यूटी संपली की भाची यायची, आणि ड्रॅगनच्या त्या जाडजूड पुस्तकांवरून दोघांची जुंपायची. सारं जग उगाच वेडं होतं का, असा तिचा सवाल. गर्दी काय, अपघातालाही जमते, हा मामांचा ठरलेला जबाब. पन्नास पानांपुढे आपल्याला वाचवलं नाही, हेही ते वर मान करून सांगायचे. सगळ्यात जास्त राग होता तो प्रकरणांच्या शेवटांवर. ऐन मोक्याला तोडायचं आणि वाचकाला टांगून ठेवायचं, ही स्वस्त युक्ती आहे, लेखन नव्हे, असं ते टेबलावर बोट आपटून म्हणायचे.

"अगदी तू म्हणायचास तसंच निघालं," भाची म्हणाली. "माणसं नुसती पुठ्ठ्याची. संकट हवं, आण ड्रॅगन. सुटका हवी, आण ड्रॅगन. उगाच तुझं डोकं खाल्लं इतके दिवस."

"खाल्लंस कुठं," मामा पुटपुटले.

एरवी या वेळेपर्यंत शेजारचे भिंतीवर थाप मारायचे, आवाज कमी करा म्हणून. आज फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"मग आता काय वाचतेस?"

"काही नाही रे. दमून जाते." तिनं मोबाईल पाहिला आणि उठली. "निघू? पुढच्या रविवारी काही जमेलसं वाटत नाही. जरा झोप काढीन म्हणते. आणि आता भांडायला तरी काय उरलंय आपल्यात?"

ती हसत म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. मामांना मात्र ते आतपर्यंत लागलं. आख्ख्या आठवड्यात या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच.

तिनं एक चप्पल पायात सरकवली.

"पण तो म्हातारा पहारेकरी," मामा घाईघाईनं म्हणाले. "तो बरा उतरलाय हं."

"तो दुसऱ्या खंडातच मेला की. मी रडले होते, आणि तू मला हसला होतास."

"मेला कुठं? सातव्यात परत येतो."

भाचीचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. "तू सातवा वाचलास?"

चोरी पकडली गेली होती. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"सगळे वाचले. तुझ्याशी भांडायचं म्हणजे तयारी नको?"

"आणि आवडले?"

"पोरकट आहेत. पण संध्याकाळ निघून जाते. इतकी थोर थोर पुस्तकं शिकवली मी, त्यातलं एकही असं सोबतीला येऊन बसलं नाही बघ."

दुसरी चप्पल तशीच उंबऱ्यापाशी पडून होती.

"बरं, पण तो परत कशाला येतो?"

मामांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन्ही कप उचलून ते मोरीकडे निघाले.

"ते पुढच्या रविवारी."

"मामा, याला तू स्वस्त युक्ती म्हणायचास."

"स्वस्तच आहे गं," तिच्याकडे पाठ करून कप विसळत मामा म्हणाले. "पण माझ्याकडे आता तेवढीच आहे."